रंगाचा रकाना

डाग निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो आपणच काढला. हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या दादाच्या गाऊनवर उजव्या कुशीपाशी हरभऱ्याएवढा लाल ठिपका होता, आणि तो, धाकटा भाऊ, दादाला सांगत होता की वहिनीचा फोन आला होता, तुझी खाट खालच्या खोलीत हलवली म्हणाली, जिना नको चढायला. हे बोलता बोलता त्याचा हात उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला, रुमालाचं टोक भिजलं, कापडाखाली कागदी रुमालाची घडी सरकली, आणि कडेकडून आत, चोळायचं नाही, फक्त टिपायचं, असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी ठिपका नव्हता. ओला गोल तेवढा राहिला, तोही वाळणारच होता. अडतीस वर्षं ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डागांच्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा हात डोक्याला विचारत बसत नाही, तो आपलं काम करून मोकळा होतो आणि डोकं धापा टाकत मागून येतं. तसं ते आता आलं. थंड पाणी का घेतलंस, असं त्याने आपल्याच हाताला विचारलं. शेजारी थर्मासमध्ये गरम पाणी होतं. चहाच्या डागाला त्याने गरम घेतलं असतं, तेलाच्या डागावर पावडर शोधली असती. थंड पाणी आणि नुसतं टिपणं हे एकाच डागासाठी. दारावरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि अकराला डॉक्टरांचा राउंड होता.

राउंडला आज नळी काढायची होती. ऑपरेशनचा हा नववा दिवस. दादाच्या स्वादुपिंडाच्या डोक्यावरची गाठ काढून उरलेलं आतड्याला जोडलं होतं आणि त्या जोडापासून एक नळी पोटाबाहेर काढून पिशवीत सोडली होती, आत काय चाललंय ते बाहेर दिसावं म्हणून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी दोघा भावांना आणि वहिनीला बसवून कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ असतं, त्यात टाका नीट धरत नाही. जोडातून रस झिरपला तर तो रस आपल्याच माणसाला पचवायला घेतो, त्याला कोण आपलं कोण परकं ते कळत नाही. शेजारून रक्तवाहिनी जाते, तिची भिंत त्याने खाल्ली तर मोठा रक्तस्राव होतो. तो होण्याआधी पुष्कळदा थोडंसं रक्त येऊन जातं आणि थांबतं. काही तास, कधी एखादा दिवस हातात मिळतो, तो वाया घालवायचा नाही. चमचाभर लाल दिसलं तरी मला सांगायचं, बाई म्हणाल्या होत्या, मी झोपले असेन तर उठवायचं. दादा तेव्हा हसून म्हणाला होता की आमच्या लाइनीत लिफ्ट बंद करून दुरुस्ती करतात, तुम्ही चालू लिफ्टमध्ये काम करता. दादा लिफ्टचा मेकॅनिक. बाई हसल्या नव्हत्या.

या वॉर्डाची एक पद्धत होती. नातेवाइकाला एक छापील कागद देत आणि तो त्यानेच भरायचा. प्लास्टिकच्या तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास किती वेळा ओढला, कॉरिडॉरच्या किती फेऱ्या झाल्या, पिशवीत किती जमलं, आणि शेवटचा रकाना रंगाचा. सिस्टर पडताळून आपल्या वहीत उतरवून घेई. बाकीचे लोक रंगाच्या रकान्यात पिवळा लिहीत, नाहीतर रेघ ओढत. त्याने पहिल्या दिवशी ‘पातळ डाळिंबी’ लिहिलं, दुसऱ्या दिवशी ‘गंजलेलं पाणी’, तिसऱ्या दिवशी ‘उरलेला चहा, वर साय’. सर्जनबाईंनी कागद हातात धरून दोनदा वाचला आणि असं कोणी लिहीत नाही, असं म्हणाल्या, आणि त्या दिवशी तो कँटीनमध्ये उगाचच कोणाला तरी सांगावं म्हणून कॅशियरला हे सांगून आला. मग पाचवा दिवस उजाडला. दादाच्या गाऊनवर लालभडक ओघळ बघून तो ओरडत कॉरिडॉरमध्ये धावला, दोन सिस्टर, एक डॉक्टर, एक ढकलगाडी असा लवाजमा घेऊन परत आला, आणि दादा चमचा हातात धरून म्हणाला, बिटाचं सूप आहे, सांडलं, घेणार का कोणी? सगळा वॉर्ड हसला. थोरली सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली आणि तेव्हापासून तो बीटवाले काका झाला. लोकांना वाटलं की भ्यायला बिचारा. त्याला भ्यायल्याचं काही नव्हतं. ज्याने वाइन आणि जांभूळ नुसत्या वासावरून वेगळं काढलं, कापडाच्या मागच्या बाजूने बघून डाग किती दिवसांचा ते सांगितलं, त्याला बीट ओळखता येऊ नये हे त्याच्या मनाला लागलं होतं. भीतीने डोळे आंधळे होतात हे त्याला पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि त्यानंतर रंगाच्या रकान्यात तो नुसता ‘पिवळसर’ लिहू लागला.

म्हणून आता त्याने आधी पिशवीकडे पाहिलं. खाटेच्या दांडीला ती लटकत होती, रिकामी. नुसती रिकामी नाही, स्वच्छ. सहा वाजता त्याने स्वतः मोजून ‘वीस, पिवळसर’ लिहिलं होतं आणि पिशवी रिकामी केल्यावर तळाशी नेहमीचा तेलकट पिवळा तवंग राहिला होता. तो तवंग आता नव्हता. कोणीतरी आत पाणी घालून विसळलं होतं. खालच्या तोटीचा दांडा सिस्टर नेहमी आडवा तिरका सोडत, घाईत असत त्या. आता तो अगदी सरळ, काटकोनात बसवलेला होता. असं काम करणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता. साडेनवाच्या सुमारास तो खाली औषधं आणायला गेला तेव्हा दादा एकटा बाथरूमला जाऊन आला होता आणि आल्यावर म्हणाला होता, बघ, हात न धरता. केवढं कौतुक केलं होतं त्याने.

तू पिशवी ओतलीस का, असं त्याने विचारलं. दादा खिडकीकडे बघत होता. बाहेर समोरच्या इमारतीवर एक माणूस काचा पुसत होता, वरून खाली, वरून खाली, आणि दादा त्याच्या दोराकडे धंदेवाईक नजरेने बघत होता. मग त्याने सांगितलं, उगाच आढेवेढे न घेता, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला लिफ्टचं दुखणं सांगावं तसं. थोडं लाल आलं होतं. दोन-तीन चमचे. आलं आणि थांबलं. नळी धुतली गेली, पिशवी धुतली, आता काही नाही.

“सांगायला नको छोटू,” दादा म्हणाला. “शेजारच्याला आठव.”

शेजारची खाट तीन दिवस रिकामी होती. त्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होता, त्याला सगळ्या गल्ल्यांचे शॉर्टकट पाठ होते आणि तो दादाला कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारताना कुठून वळावं ते सांगत असे. सहाव्या दिवशी त्याच्या पिशवीत लाल दिसलं, त्याच्या मुलीने घंटा वाजवली, त्याला खाली नेलं. त्याची चप्पल खाटेखाली राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी मुलगी घेऊन गेली. दादाने त्यातून आपला हिशोब मांडला होता. लाल दिसतं, खाली नेतात, परत उघडतात, माणूस परत येत नाही. म्हणजे घात लाल दिसल्याने होत नाही, सांगितल्याने होतो. ऐकताना ते खरंच वाटायला लागे, हीच त्यातली वाईट गोष्ट. दादाचा आवाज शांत होता पण पांघरुणावरची बोटं एकमेकांत अडकलेली होती आणि नखं पांढरी पडली होती. दादाला भीती वाटते हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. दहाव्या मजल्यावर उघड्या शाफ्टमध्ये पाय सोडून डबा खाणारा माणूस, आणि आता त्याला घरी जायचं होतं, खालच्या खोलीत, बस.

मग दादा म्हणाला, “त्या झग्याचं आठवतं तुला?”

अडतीस वर्षांत त्या झग्याचा शब्द दोघांमध्ये निघाला नव्हता. दुकान तेव्हा बाबांचं होतं. दादा एकवीस वर्षांचा, डागांच्या टेबलावरचा उस्ताद. हा सतरा वर्षांचा, नुकता हाताखाली लागलेला. एका गाणाऱ्या बाईंचा मोतिया रंगाचा रेशमी झगा आला होता, छातीवर अंड्याचा डाग. नवीन एन्झाइमची पावडर आली होती, डाग खाते म्हणत, आणि ती खरंच खायची, रक्त, अंडं, दूध. शनिवारी दुकान बंद करताना त्याने कोणाला न विचारता झगा त्या पाण्यात भिजत टाकला आणि रविवार सुट्टीचा गेला. सोमवारी सकाळी त्याने तो पाण्यातून उचलला तेव्हा डाग नव्हता. डागाच्या जागी कापडही नव्हतं. अंडं जे, तेच रेशीम, त्या पावडरीला दोन्ही सारखंच. तिने डाग खाल्ला आणि पुढे खात राहिली. ओल्या रेशमाची भोकं त्याच्या बोटांमधून दिसत होती. सर्जनबाई चित्र काढून सांगत होत्या तेव्हा वहिनी रडली आणि दादाने विनोद केला, पण फक्त त्याला समजलं होतं, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत, की आत काय होऊ शकतं. ती भोकं त्याने हातात धरली होती. बाबांनी झगा टेबलावर पसरला आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. त्याचं तोंड उघडलं होतं, त्याला पक्कं आठवत होतं की उघडलं होतं, वाफेची चव जिभेला लागली होती. दादा म्हणाला, मी केलं. बाबांनी दोन वाक्यांत त्याला टेबलावरून काढलं. महिन्याभरात दादा लिफ्टच्या कंपनीत उमेदवार म्हणून लागला आणि टेबल याच्याकडे आलं. ते तोंड जे तेव्हा उघडून मिटलं, ते मिटलेलंच राहिलं. बाबा गेले तेव्हाही नाही, दादाच्या लग्नात नाही, दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लागली तेव्हाही नाही. दर वेळी पुढच्या वेळी सांगू असं वाटे, आणि वर्षं अशीच निघून गेली.

“तू गप्प बसलास म्हणून मी सुटलो,” दादा म्हणाला. “मला तिथून निघायचंच होतं, त्या वाफेतून. बाबांनी कधी सोडलं नसतं. तुझे उपकारच झाले. तू उगाच इतकी वर्षं तोंड पाडून बसलास माझ्यापुढे. आता परत एकदा गप्प बस, एवढंच.”

हे ऐकून त्याला आधी काय वाटलं असेल तर हलकं वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. अडतीस वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरतं आणि त्याच्या बदल्यात मागणं काय, तर नेहमीचंच, जे तो झोपेतही करू शकला असता. त्याने खुर्ची खाटेजवळ ओढली. घड्याळात दहा पंचवीस. गाऊनवरचा ओला गोल आता नाण्याएवढा उरला होता आणि कडेने वाळत आत येत होता. त्याने मनाशी दोन्ही बाजू मांडून बघितल्या. कदाचित नळीच्या तोंडाशी कातडी दुखावली असेल, खोकला आला की येतं थोडं रक्त. कदाचित थांबलंय म्हणजे थांबलंय. कदाचित आपण परत बीटवाले काका. कदाचित सांगितलं आणि उघडलं आणि त्यातच गेला, तर वहिनीला काय तोंड दाखवायचं. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती, ओल्या रेशमाची भोकं. अकरा वाजता नळी काढणार. मग आत जे होईल ते बाहेर दिसायला वाटच राहणार नाही. दादाचा चेहरा नेहमीसारखा होता, की थोडा फिका होता? कपाळावर घाम होता की खोलीत उकडत होतं? त्याने दादाच्या मनगटावर हात ठेवला, सहज ठेवल्यासारखा, आणि नाडी मोजायला गेला तर स्वतःचीच बोटांत इतकी उडत होती की दोन्ही वेगळ्या करता येईनात. हात लावून बघतोस काय, दादा म्हणाला, मी कापड आहे का? दोघेही हसले. दहा चाळीस झाले. सिस्टर येऊन ताप बघून गेली, बीटवाले काका, उद्या सुटका हं तुमची, असं म्हणाली, आणि तो तिच्याकडे बघून मान हलवत राहिला. ती गेल्यावर त्याने कागद उचलला. दहाच्या ओळीत पिशवीत किती, रंग काय, हे दोन रकाने कोरे होते. पेन उघडलं. ‘पिवळसर’ हा शब्द लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुठलंही आयुष्य नीट चाललंय असं दाखवता येतं. त्याने पहिलं अक्षर काढलं आणि पेन तसंच टेकवून ठेवलं, कागदावर शाईचा टिपका मोठा होत गेला.

राउंड अकराच्या पाच मिनिटं आधीच आला. सर्जनबाई, एक तरुण डॉक्टर, थोरली सिस्टर आणि तिची ड्रेसिंगची गाडी. बाई प्रसन्न होत्या. पिशवीतल्या कालच्या पाण्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसाची खूण, कमी झालं होतं, म्हणजे जोड धरला होता, ताप नव्हता, मूत्रपिंडं ऑपरेशननंतर दोन दिवस रुसली होती तीही आता कामाला लागली होती. तरुण डॉक्टरने हातमोजे चढवले. सिस्टरने टाका कापायची कात्री ट्रेमध्ये ठेवली, तिचा आवाज झाला. दादा त्याच्याकडे बघत होता. नजर अगदी साधी होती, सोमवारी सकाळी झग्यावरून वर उचलली होती तशीच. त्याचं तोंड उघडलं. जिभेला वाफेची चव आली.

“नळी काढू नका,” तो म्हणाला. “सकाळी रक्त आलंय.”

बाईंनी पिशवी उचलून उजेडात धरली, स्वच्छ होती. पट्टी उघडून बघितली, कातडी स्वच्छ होती. दादाच्या पोटावर हात ठेवला, दादाने दुखत नाही म्हणून सांगितलं. मग कुठे बघितलं तुम्ही, बाईंनी विचारलं. गाऊनवर, तो म्हणाला, आणि गाऊनवर काही नव्हतं. मी धुतलं, तो म्हणाला. हे बोलताना त्याचे कान तापले. सिस्टरने एकदा तरुण डॉक्टरकडे बघितलं. दादा हसून म्हणाला की याला परत बीट दिसायला लागलंय, बाई, रात्रंदिवस बसून डोकं शिणलंय त्याचं, तुम्ही त्याला आधी घरी पाठवा. आणि त्याच्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाला, जा, जरा पाय मोकळे करून ये. त्या प्रेमाने तो जवळजवळ गेलाच होता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला काय वाटलं हे विचारलं नाही, काय होतं ते विचारलं. केवढा, कसा. आणि लगेच स्वतःची अडचणही सांगून टाकली: शंका असेल तर रंगद्रव्य टोचून स्कॅन करावा लागेल, ते यांच्या मूत्रपिंडांना झेपेल की नाही सांगता येत नाही, बिटासाठी मी ते करणार नाही, रक्तासाठी या क्षणी करीन. तर मला खात्रीने सांगा. खात्री. त्याने गाऊनकडे पाहिलं. ओला गोल पूर्ण वाळला होता. अडतीस वर्षांच्या सफाईने काढलेला डाग, मागे खूण म्हणून नाही. असलं चोख काम त्याने क्वचितच केलं असेल. मग त्याची नजर सिस्टरच्या गाडीवर गेली, कापसाच्या डब्याशेजारी एक तपकिरी बाटली होती, अगदी तसलीच त्याच्या टेबलावर डाव्या हाताला असते.

त्याने ती मागितली. हायड्रोजन पेरॉक्साइड. सिस्टर बाईंकडे बघत राहिली, बाईंनी मान हलवली. त्याने गाऊनचा तो भाग दादाच्या अंगापासून उचलून डाव्या तळहातावर ताणून धरला, आणि डोळ्यांनी शोधायचा नाद सोडून अंगठ्याने चाचपलं, पाणी लागून वाळलेला धागा जरा उभा राहतो. तिथे त्याने ड्रॉपरने एक थेंब सोडला. रक्त धुतलं तरी धाग्यात राहतं, तो म्हणाला, त्यावर हे पडलं की फसफसतं, बिटाच्या सुपावर काही होत नाही. थेंब कापडात मुरला. काही झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम कच्चं राहिलेलं असू दे, असं तो ज्याला त्याला विनवत होता. तरुण डॉक्टर हातमोजा काढायला लागला. आणि मग तळहातावर, बरोबर हरभऱ्याएवढ्या जागेत, बारीक पांढरे बुडबुडे वर यायला लागले, एक, दहा, आणि सगळा गोल दुधासारखा फेसाळून उभा राहिला. पाच जणांची नजर त्या फेसावर होती, म्हणजे तिघांची आणि त्याची, आणि दादाची खिडकीकडे.

“पिशवी कोणी रिकामी केली?” बाईंनी दादाला विचारलं.

काचा पुसणारा माणूस आता खालच्या मजल्यावर आला होता. “मी,” दादा म्हणाला. “लालच होतं.”

त्यानंतर कोणी चढ्या आवाजात बोललं नाही पण सगळं पळायला लागलं. बाई फोनवर बोलत दाराबाहेर गेल्या, दादाच्या दोन्ही हातांत सुया बसल्या, रक्ताच्या पिशव्या मागवल्या गेल्या, खाटेची चाकं सुटली. तो बाजूने चालत होता. दादाने त्याच्याकडे पाहिलं नाही. मोठी लिफ्ट आली तेव्हा मात्र सवयीने वर पाहिलं, आवाज ऐकला, आणि लिफ्टच्या माणसाला हळूच सांगितलं की दाराचा रोलर झिजलाय, बदलायला सांगा. दार मिटलं.

वहिनी आली तेव्हा तो तळमजल्यावरच्या बाकावर बसला होता. तिच्या हातात नवी रबरी चप्पल होती, खालच्या खोलीतली फरशी गुळगुळीत म्हणून आणलेली. त्याने तिला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता, डाग आपण धुतल्याचं, पिशवी दादाने धुतल्याचं. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, “किती वेळ गप्प होतात भाऊजी?” पंचेचाळीस मिनिटं, तो म्हणाला. तिने मान हलवली आणि चप्पल मांडीवर घेऊन बसली. त्याला वाटलं की ती उठून दुसऱ्या बाकावर जाईल. ती गेली नाही, आणि तिथेच बसून राहिली हेही त्याला सोसवेना. भिंतीवरच्या घड्याळात सेकंदाचा काटा अडखळून पुढे जात होता. पंचेचाळीस मिनिटांत एवढ्या पाण्यात, एवढ्या पावडरीने किती रेशीम जातं, हा हिशोब त्याचं डोकं आपोआप करत होतं आणि थांबवलं तरी थांबत नव्हतं.

पाऊण वाजता सर्जनबाई बाहेर आल्या. टोपी काढलेली होती आणि केसांची बट कपाळाला चिकटली होती. त्यांनी बसून सांगितलं, उभ्याने नाही. स्कॅनमध्ये रक्तवाहिनीच्या भिंतीवर तांदळाच्या दाण्याएवढा फुगा दिसला, रसाने तिथली भिंत खाल्ली होती. अमायलेज उतरलं म्हणून मी निर्धास्त होते, त्या म्हणाल्या, चूक माझीही होते. जांघेतून तार घालून आतून तो भाग बंद करायला घेतला, पोट उघडावं लागलं नाही. तार जागेवर पोचली आणि तेवढ्यात तो फुटला. टेबलावर फुटला, सगळं हाताशी होतं, बारा मिनिटांत बंद झाला. वॉर्डात फुटला असता तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि वहिनीच्या मांडीवरच्या चपलेकडे बघत राहिल्या. वहिनीने तेव्हा रडायला सुरुवात केली. त्याला रडू आलं नाही. त्याने बाईंना विचारलं की पोस्टमनचं काय झालं होतं, आणि बाई म्हणाल्या की त्यांच्या मुलीने लाल दिसल्या दिसल्या घंटा वाजवली, आम्ही पोचेपर्यंत उशीर झाला होता, कधी कधी आधी इशारा मिळत नाही. तुम्हाला मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आत सोडलं. अतिदक्षता विभागात खिडकी नव्हती, दादाच्या नाकात नळी होती, ओठ सुकलेले, आणि बाजूच्या टेबलावर तीन गोळ्यांचं यंत्र आधीच आणून ठेवलेलं होतं; इथे कोणाला दम खाऊ देत नाहीत. खाटेच्या दांडीला नवी पिशवी होती. तो खुर्चीवर बसला. दादा बराच वेळ डोळे मिटून होता, झोपलाय असं वाटत असतानाच बोलला, घसा खरवडून निघाल्यासारखा आवाज.

“मला टेबल सोडायचं नव्हतं, छोटू.”

मॉनिटरची टिकटिक चालू होती. त्याने खुर्चीचे हात धरून ठेवले.

“काल खोटं बोललो. तू गप्प बसावंस म्हणून. मला ते काम फार आवडायचं. लिफ्टमध्ये उभं राहून पहिली दोन वर्षं मी रोज तुझ्या नावाने शिव्या दिल्या.” मग सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवून, “त्यानंतर दिल्या नाहीत. पण सोडायचं नव्हतं.”

चुकलं हा शब्द होता, तो त्याने तोंडात घोळवून पाहिला, तो फार लहान होता, तरी त्याने तो म्हटला. दादाने ऐकला की नाही कळलं नाही. काल सकाळी उतरलेलं ओझं परत जागच्या जागी आलं होतं, अडतीस वर्षं होतं तसंच, फक्त आता दोघांनाही त्याचं वजन माहीत होतं. त्याला वाटलं की हे आता कुठल्याही पाण्याने जाणार नाही, आणि घालवायला बसायचंही नाही. सिस्टर येऊन छापील कागदाची नवी प्रत खाटेच्या पायथ्याशी अडकवून गेली. दादाने डोळे न उघडता हाताची दोन बोटं हलवली, पिशवीच्या दिशेने.

“लिही,” दादा म्हणाला. “काय रंग आहे तो नीट बघून लिही.”

तो गुडघ्यांवर वाकला आणि पिशवी हातात न घेता, आहे तशी लटकू देऊन, बराच वेळ बघत राहिला. मग उठून त्याने रंगाच्या रकान्यात लिहिलं: ‘फिकट गुलाबी, तळाशी जरा गडद, सकाळचं असावं’. आणि दादाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचून दाखवलं.